उजव्या बाजूने बोला

४ जून

ठमे,

एक गोष्ट झाली आहे. ती दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही आणि तुला सांगावी की नाही हे कळत नाही. दोन दिवस विचार केला, आणि आता लिहायला बसलेच आहे, म्हणजे सांगायचं ठरलं म्हणायचं.

डीनसाहेबांनी परवा बोलावलं होतं. यंदापासून आपल्या मेडिकल कॉलेजात उत्तम शिक्षकाचा पुरस्कार द्यायचा आहे. पोरांनी नावं सुचवायची, आणि एका समितीने त्या त्या शिक्षकाच्या वर्गात, वॉर्डात जाऊन शिकवणं स्वतः बघायचं. समितीत मी. मी म्हटलं, "सर, मी पॅथॉलॉजीची. माझं आयुष्य मायक्रोस्कोपला डोळा लावून गेलं. शिकवण्यातलं मला काय कळतं?" ते म्हणाले, "तुम्हाला बारीकसारीक दिसतं." मी थोडी फुगले. मग त्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं, की पोरांनी सगळ्यात जास्त वेळा सुचवलेलं नाव तुझ्या बाबाचं आहे.

मला आधी वाटलं, नावात घोटाळा झालाय. त्या नावाचे दुसरे कोणी असतील. पण मेडिसिन विभागात त्या नावाचा एकच माणूस आहे, आणि त्याच्याशी मी लग्न केलं होतं.

मी म्हटलं, "सर, आम्ही तीन वर्षं वेगळे राहतो. मला यातून काढा."

"मॅडम, ते सगळ्या कॉलेजला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही हव्यात. दुसरं कोणी गेलं तर भिडेपोटी चांगलं म्हणेल. तुम्ही काही त्यांना फुकट मार्क देणार नाही."



तुझा बाबा उत्तम शिक्षक! त्याच्यासमोर अभ्यासाला बसलीस की तू डोळे पुसत उठायचीस. त्याला एखादी गोष्ट सांगायला सुरुवात केली की अर्ध्यावर आपणच गप्प बसायचो. चार वर्षं तू त्याच्याशी बोललेली नाहीस आणि मी तुला कधी "बोल" म्हटलेलं नाही. आणि दीडशे पोरं म्हणतात, हाच.

माझं नाव कोणी सुचवलं का, ते मी विचारलं नाही.

विचारलं. नाही सुचवलं.

आई


११ जून

ठमे,

काल बाबाच्या वॉर्डात जाऊन आले. समितीची म्हणून, हातात पॅड घेऊन. शेवटच्या वर्षाची दहाबारा पोरं एका पलंगाभोवती उभी होती. पलंगावर माझ्याच वयाची एक बाई. शिवणकाम करते. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, त्यामुळे थोडं रक्त मागे गळतं आणि स्टेथोस्कोप लावला की तो गळण्याचा आवाज येतो. बाबाने मला बघून मान हलवली, तपासणीसाला बघून हलवतात तशी.

मी कशाच्या तयारीने गेले होते ते तुला सांगायला नको. तो प्रश्न विचारणार, पोर अडखळणार, तो खिडकीबाहेर बघत "पुढे" म्हणणार. त्याचा तो "पुढे"! मी पॅडवर तारीखसुद्धा जरा जोरातच लिहिली होती.

तसं काही झालंच नाही. आधी तो त्या बाईंशी बोलला. "ताई, ही पोरं आज तुमच्याकडून शिकणार आहेत. कंटाळा आला की हात वर करा, मी सगळ्यांना हाकलून देतो." मग एका उंच पोराला ऐकायला सांगितलं. त्याला सगळे लंबू म्हणतात. लंबूने स्टेथोस्कोप लावला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाला, "हो सर, ऐकू येतंय."

आम्ही पण असंच म्हणायचो ग. ऐकू येवो न येवो, "येतंय सर". सगळ्यांना येतंय म्हटल्यावर आपणच एकटे बहिरे कसे म्हणायचं? मी तर त्या भीतीनेच पॅथॉलॉजीत गेले, तिथे निदान जे असतं ते डोळ्यांना दिसतं.

बाबा म्हणाला, "छान. मला येत नाहीये. कसं येतंय ते सांगा."

"मर्मर आहे सर."

"तो पुस्तकातला शब्द झाला. आवाज कसा आहे? तोंडाने काढून दाखवा."

लंबू लाल झाला. पोरं ओठ चावायला लागली. आणि बाबा थांबला. घड्याळ बघितलं नाही, खिडकी बघितली नाही, नुसता त्या पोराकडे बघत थांबला. शेवटी लंबू म्हणाला, "सर, खरं सांगू का? मला काहीच ऐकू येत नाहीये."

"शाबास," बाबा म्हणाला. "आता आपण सुरू करू."

त्याने बाईंना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, श्वास सोडून क्षणभर धरायला सांगितलं, लंबूचा हात धरून स्टेथोस्कोप थोडा खाली, काखेकडे सरकवला. आणि त्या पोराचं तोंड उघडंच राहिलं. "लब... शूऽऽ... डब," तो म्हणाला. मग एकेक जण पुढे आला, ऐकलं, तोंडाने आवाज काढला. कोणाचा शू लांब, कोणाचा आखूड, आणि कोणाचा बरोबर यावर आपापसात भांडणं. शिवणवाल्या बाई इतक्या हसल्या की थांबावं लागलं. "अहो, मशीनला तेल घालायचं झालं की तिचं पण असंच वाजतं," त्या म्हणाल्या. पोरांनी तेही लिहून घेतलं. पोरं त्याला "सांगासर" म्हणतात, सारखं "सांगा, सांगा" म्हणतो म्हणून.

मी घरी आले आणि मला राग आला. आनंद व्हायला हवा होता का? निदान आश्चर्य तरी? पण राग आला. हा थांबणारा माणूस आपल्या घरात कुठे होता? माझ्या मुलीला जे मिळालं नाही ते लोकांच्या पोरांना वॉर्डात वाटलं जातंय, आणि त्याचे मार्क मी द्यायचे!

अजून एक खटकलं. त्यात काही आहे की नाही, कळत नाही. तुझ्या बाबाला मी विद्यार्थी असल्यापासून छातीला स्टेथोस्कोप लावताना बघितलंय. ऐकताना तो डोळे मिटून घ्यायचा. आमच्या वर्गात त्यावरून त्याची चेष्टा व्हायची, 'समाधी लागली' म्हणून. काल त्यानेही मध्ये स्टेथोस्कोप लावला होता. पण डोळे सताड उघडे, आणि नजर लंबूच्या तोंडावर.

आई


१४ जून

ठमे,

आज पुन्हा बाबाच्या वॉर्डात गेले होते. पेन विसरलं होतं.

पेन पर्समध्येच होतं, जाऊ दे. बाबा राउंडवर होता. मी दुरून बघत राहिले. एक म्हातारे आजोबा त्याला काहीतरी सांगत होते, आवाज बसलेला. बाबा मान हलवत होता, पण बघत होता त्याच्या रजिस्ट्रारकडे. म्हणजे त्याच्या हाताखालची तरुण डॉक्टर, शहाणी मुलगी वाटली. आजोबांचं बोलून झालं की ती तेच पुन्हा म्हणायची, स्पष्ट, सावकाश. "सर, यांना झोपल्यावर दम लागतो." "सर, हे म्हणतात गोळीने मळमळतं." कोणी पाहिलं तर वाटेल, नोंद करून घेते आहे. आणि पोरं सगळी त्याच्या एकाच बाजूला दाटीवाटीने उभी. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी.

राउंड संपल्यावर मी त्या मुलीला गाठलं. "सरांना ऐकू येत नाही का?"

तिने हातातले कागद उगाच नीट केले. "उजव्या बाजूने बोललं की येतं, मॅडम."

"आणि छातीतले आवाज?"

ती म्हणाली, "ते एकटे काही ठरवत नाहीत. आम्ही तिघं ऐकतो, तिघं आपापलं सांगतो, पटलं नाही तर सोनोग्राफी, एक्स-रे. मगच ते बोलतात. आमच्या वॉर्डात चुका कमी होतात, मॅडम, जास्त नाही."

"तू नसलीस तर?"

"मी रजा घेत नाही," ती म्हणाली.

 

ठमे, मी वीस वर्षं सगळ्या जगाला सांगत होते, हा माणूस माझं ऐकत नाही. तू हे वाक्य ऐकतच मोठी झालीस. मग मी घर सोडलं ते काय म्हणून? बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून?

पण थांब. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याचे कान ठणठणीत होते. तुझे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा मी त्याच्यासमोर बसून बोलत होते आणि तो वर्तमानपत्र वाचत होता. तेव्हा कुठला बहिरेपणा? सगळंच काही कानांवर ढकलता येणार नाही. मग किती ढकलायचं? कुठपर्यंत कान आणि कुठून पुढे स्वभाव? मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीवर हे दिसलं असतं तर मी सांगू शकले असते.

आई


१९ जून

ठमे,

बोलले त्याच्याशी. त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होता. नळ बंद होईपर्यंत थांबले. मग मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "तुझ्या खिशाला शाई लागलीय." तो हात पुसत राहिला. उजवीकडे गेले आणि तेच म्हटलं. त्याने मान खाली घालून खिसा बघितला. शाई नव्हतीच. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. डावा गेला. उजवा निम्मा आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. पण तू रोज म्हणायचीस, 'तू ऐकत नाहीस, तुला ऐकूच येत नाही.' मला वाटलं, तुला कळलंय आणि त्याचाच राग आलाय."

यावर मी काय करावं, तूच सांग. मी खो खो हसले. तोही हसला. आणि मग दोघांनाही कसंतरीच झालं आणि आम्ही टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो.

मग त्याने एक सांगितलं. सुरुवातीला तो कोणालाच कळू देत नव्हता. बाह्यरुग्ण विभागात एकटा बसायचा. एक माणूस दम लागतो म्हणून आला. याने छाती तपासली, काही ऐकू आलं नाही, म्हणजे स्वच्छ आहे असं धरलं आणि घरी पाठवलं. संध्याकाळी त्याला उचलून आणावं लागलं. वाचला. "नशिबाने वाचला, माझ्यामुळे नाही," बाबा म्हणाला. दुसऱ्या दिवशीपासून त्याने एकट्याने बसणं सोडलं. काही ना काही सबबी सांगून ड्यूट्या बदलून घेतल्या. आणि वॉर्डात पोरांना विचारायला लागला, "तुम्हाला काय ऐकू येतंय ते सांगा."

"म्हणजे ते शिकवणं नव्हतं," मी म्हटलं. "तुला स्वतःला माहिती हवी होती."

"आधी तेच होतं. मग लक्षात आलं की मी विचारलं की ती पोरं खरंच ऐकतात. आणि त्यांना येत नसेल तर ते मला तोंडावर दिसतं. पूर्वी मी डोळे मिटायचो ना, मला कोणाचं तोंडच दिसायचं नाही."

ठमे, हे तो मला सांगत होता. एवढं सलग तो माझ्याशी कधी बोलला होता, आठवत नाही.

मी म्हटलं, "सोमवारी समितीची बैठक आहे. मी हे लपवून ठेवणार नाही. तू पुरस्कार घेतलास काय आणि नाही घेतलास काय, हे कॉलेजला कळायलाच हवं. रजिस्ट्रारने रजा घेतली तर काय, याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?"

"नाही."

"मग तू सांग. नाहीतर मी सांगेन."

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणणार तेवढ्यात म्हणाला, "आधी पोरांना सांगतो. डीनला नंतर."

बाहेर आल्यावर मी माझा विभाग सोडून भलत्याच मजल्यावर पोचले. मी बरोबर बोलले. बरोबर बोलल्यावर असं होतं का?

आई


२३ जून

ठमे,

सकाळी त्याचा निरोप आला, "वॉर्डात ये." गेले.

त्याने पोरांना पलंगांपासून दूर, त्या टोकाच्या छोट्या खोलीत नेलं, जिथे एक्स-रे बघतात. स्वतः स्टुलावर बसला. मी दाराशी. तो म्हणाला, "तुम्ही माझं नाव कशासाठी तरी सुचवलंय. त्याआधी तुम्हाला एक माहीत असायला हवं. मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण बंद, उजवा अर्धा. तुम्हाला जे आवाज काढायला लावतो ते मला स्वतःला येत नाहीत. कोणाला वाटलं आपल्याला फसवलं, तर त्यांनी माझं नाव परत घ्यावं."

लंबू म्हणाला, "सर, माहीत आहे."

"काय?"

लंबू उजवीकडे आला आणि मोठ्याने म्हणाला, "आम्हाला माहीत आहे, सर. वरच्या वर्गाची मुलं सांगून जातात. पहिल्याच दिवशी सांगतात. सरांशी उजव्या बाजूने बोला."

बाबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कधीपासून सांगतात?"

"आमच्याही आधीपासून, सर."

तो म्हणाला, "बरं. चला, सात नंबरच्या पेशंटकडे." आणि उठला. पोरं त्याच्यामागून निघाली, सगळी उजव्या बाजूने, त्यामुळे दारात एकच गर्दी झाली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्या कुठल्या गावांहून आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी ठाऊक होतं, आणि एका घरात राहून आपल्या दोघींना नाही. त्यांनी कुठे बोभाटा केला नाही, फक्त उभं राहायची बाजू बदलली.

मला लाज वाटली की त्या पोरांचा हेवा वाटला, सांगता येत नाही. दोन्ही असेल.

आई


२६ जून

ठमे,

बैठक झाली. बाबाने त्याआधीच डीनना सगळं सांगितलं होतं, घरी पाठवलेल्या त्या दम लागणाऱ्या माणसासकट. त्यामुळे खोलीत शिरले तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू मीच बहिरी आहे.

सर्जरीच्या बाई चिडल्या होत्या, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. "एक माणूस आपलं व्यंग लपवतो, त्यावर पांघरूण म्हणून एक युक्ती काढतो, आणि आपण त्याला उत्तम शिक्षण म्हणायचं? उद्या त्या रुग्णाचे नातेवाईक येऊन विचारतील, तेव्हा काय ही पुरस्काराची ढाल दाखवणार?"

डीन म्हणाले, "रुग्णांचं वेगळं बघू. कालच हुकूम काढलाय, कानांची तपासणी, यंत्र, एकट्याने रुग्ण बघायचे नाहीत. घरी पाठवलेल्या त्या माणसाला बोलवा म्हणून सांगितलंय, त्याची माफी मागायचीय. इथे प्रश्न शिकवण्याचा आहे."

मग समितीतल्या विद्यार्थी प्रतिनिधीला विचारलं. बारकीशी मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही सगळ्या सरांना 'ऐकू येतंय' म्हणायचो. खोटं. पास व्हायचं तर तेच म्हणावं लागतं. सांगासरांकडे आल्यावर पहिल्यांदा कळलं की 'येत नाही' असं म्हणता येतं. मला ते कोणी शिकवलं नसतं तर मीही एखाद्याला घरी पाठवलं असतं."

सर्जरीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्याही कधीतरी विद्यार्थी होत्याच की.

मी म्हटलं, मी मत देणार नाही. डीन म्हणाले, "मत नका देऊ. काय बघितलं तेवढं सांगा." मी सांगितलं. शिवणवाल्या बाई, लंबू, तो शू आवाज, सगळं. पॅडवर लिहिलेलं एकही वाक्य वाचावं लागलं नाही. सांगताना माझाही आवाज चढला असावा, कारण सर्जरीच्या बाईंनी मध्येच विचारलं, "तुम्ही हे बायको म्हणून सांगताय की पॅथॉलॉजिस्ट म्हणून?"

मी म्हटलं, "ते अजून ठरलेलं नाही."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

मतं घेताना मी बाहेर बाकावर बसले. मनात आलं, नको मिळू दे त्याला. लगेच मनात आलं, मिळू दे. असं आलटून पालटून चाललं होतं तेवढ्यात दार उघडलं. तीन विरुद्ध एक. त्यालाच.

आई


२१ जुलै

ठमे,

काल समारंभ होता. मी जाणार नव्हते. मागच्या रांगेत बसले.

बाबाचं नाव पुकारलं तेव्हा तो समोर बघत तसाच बसून राहिला. दोन्ही कानांत नवीन यंत्रं, पण अजून सवय नाही. सभागृहात टाळ्या वाजल्या की त्याला पत्र्यावर दगड पडल्यासारखं वाटतं म्हणे, म्हणून यंत्रं काढून खिशात टाकली होती. रजिस्ट्रारने खांद्याला हात लावला तेव्हा उठला. बोलला अगदी थोडं. "मला ऐकू येईनासं झालं तेव्हा मी विचारायला लागलो. येत होतं तेव्हाच विचारायला हवं होतं." बस. खाली उतरला. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तो गोंधळून इकडेतिकडे बघत होता, कोणासाठी एवढं चाललंय म्हणून.

दुसरं वाक्य कोणासाठी होतं ते मी विचारलं नाही.

गर्दी पांगल्यावर मागच्या जिन्यात भेटला. ढाल वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरली होती, भाजीच्या पिशवीसारखी. मी उजव्या बाजूला गेले आणि म्हटलं, "चांगलं शिकवतोस." त्याने मान हलवली. मग म्हणाला, "ठमीला कळवलंस?"

"लिहिते मी तिला. उत्तर देत नाही."

"मला तर काही न विचारताच गेली. कॉलेज सोडलं, घर सोडलं. बापाला एका शब्दाने विचारावं, एवढंही वाटलं नाही तिला. एवढा मी वाईट होतो का ग?"



ठमे, तू विचारलं होतंस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबा भांडी विसळत होता, नळ पूर्ण सोडलेला, पाठ आपल्याकडे. तू त्याच्या डाव्या हाताशी जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, मला हे जमत नाहीये. तू सांगशील तसं करते. काय करू?" त्याने ताट विसळलं, उभं करून ठेवलं, हात पुसले आणि आपल्या खोलीत गेला. तू माझ्याकडे बघितलंस. तुला जे वाटलं तेच मलाही वाटलं, की याला उत्तर द्यावंसंही वाटत नाही. आठवड्याच्या आत तू गेलीस. पुढच्या वर्षी मी. आणि तो चार वर्षं धरून बसलाय, मुलगी न विचारता गेली.

मी त्याला म्हटलं, "विचारलं होतं तिने. नळाशी. तुझ्या डाव्या बाजूला उभी होती."

तो खाली पायरीवर बसला. पुरस्काराच्या कोटासकट. म्हणाला, "काय विचारलं होतं?"

मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. मग वाटलं, मी कोण सांगणारी? तो प्रश्न तुझा आहे. मी सांगितला असता तर त्याला माझ्या आवाजात ऐकू आला असता, आणि माझ्या आवाजातलं बरंच काही त्याने इतकी वर्षं ऐकलेलं नाही. म्हटलं, "तिलाच विचार."

आता याचा काय उपयोग, मला माहीत नाही. तू सुतारकाम करतेस, तुझी टेबलं लोक आवडीने घेतात असं तुझी मैत्रीण सांगते. तुला त्या प्रश्नाचं उत्तर आता नकोही असेल. बाबाचं सगळं माफ कर असंही मी म्हणत नाही, माझंच अजून झालेलं नाही. त्याने त्या दिवशी ऐकलं असतं तरी खिडकीबाहेर बघून "पुढे" म्हटलं असतं का? म्हटलंही असतं. तेव्हाचा तो आणि आत्ताचा तो, यातला खरा कुठला, हे मला विचारशील तर मी तुझ्याइतकीच गोंधळलेली आहे.

पण तो त्या पायरीवर बसून विचारत होता, आणि उत्तरासाठी थांबला होता. एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

त्याला फोन करू नकोस. यंत्र लावूनही फोनवर त्याला शब्द लागत नाहीत, तो नुसतं "हं, हं" करेल आणि तुझा पुन्हा गैरसमज होईल. लिही. तो प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई